छातीतली गाठ, एन्झाइम आणि वेळेचे मोल



तोडलेला ऊस लवकरात लवकर गव्हाणीत पडला पाहिजे, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको. ट्रॅक्टर वाटेत बंद पडला, काट्यावर रांग लागली, मोळ्या दोन दिवस फडातच पडून राहिल्या, की आपला जीव खालीवर होतो. वजन घटते, उतारा घटतो आणि शेवटी आपल्याच भावाला फटका बसतो. म्हणून तोडणी ते गाळप हे अंतर चोवीस तासांच्या आत ठेवा, असे शेतकी खाते दर हंगामात सांगते आणि आपणही त्यासाठी भांडतो.

पण आपल्याच घरात एखाद्या बाईच्या छातीत गाठ हाताला लागली, तर काय होते? ती बहुतेक वेळा कोणाला सांगतच नाही. सांगितलेच तर घरातून उत्तर येते, "दुखतंय का? नाही ना? मग एवढा हंगाम सरू दे, मग बघू." उसाला चोवीस तास आणि घरच्या बाईला चार महिने, असा हा आपला हिशोब आहे. हा हिशोब का चुकतो, ते या लेखात समजावून घेऊ. गंमत अशी की तोडलेला ऊस बिघडतो त्यामागे आणि स्तनातला कर्करोग पसरतो त्यामागे एकाच जातीचे कामकरी आहेत. त्यांना एन्झाइम म्हणतात. शाळेच्या पुस्तकात त्यांना 'विकर' असा शब्द आहे. आपण एन्झाइमच म्हणू.

एन्झाइम म्हणजे काय?

मटण निबर असले की आपल्या बायका त्यात कच्च्या पपईचा तुकडा घालतात. तासाभरात मटण मऊ पडते. पपईच्या चिकात पपेन नावाचे एन्झाइम असते. ते मांसातले घट्ट धागे कापते. चिमूटभर पपेन किलोभर मटणाला पुरते, कारण एन्झाइम कामात खर्ची पडत नाही. एक धागा कापला की ते दुसऱ्याकडे वळते. कोयत्यासारखेच समजा. कोयता ऊस तोडतो, पण स्वतः संपत नाही.

आता उसाकडे बघू. उसात मुळातच इन्व्हर्टेज नावाचे एन्झाइम असते. ऊस तुटून उन्हात पडला की ते साखरेचे दोन तुकडे करते. त्यांचा दाणा धरत नाही. शिवाय तोडलेल्या टोकातून ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू कांड्यात शिरतात. हे जंतू साखर आत घेऊन खातात एवढेच नव्हे, तर आपले एक एन्झाइम अंगाबाहेर सोडतात. ते बाहेरच्या बाहेर साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा डिंक तयार करते. रस बुळबुळीत होतो, पॅनवर त्रास होतो, उतारा पडतो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. काही एन्झाइमे पेशीच्या आत काम करतात, तर काही पेशीतून बाहेर सोडली जातात आणि आजूबाजूला काम करतात. टोळीचा मुकादम बांधावर बसतो आणि कोयते पुढे फडात चालतात, तसाच हा प्रकार. कर्करोगाच्या पेशीही असेच कोयते बाहेर पाठवतात. आपला विषय तोच आहे.

गाठीभोवतीचे कुंपण

स्तनात दूध तयार करणाऱ्या बारीक पिशव्या असतात आणि ते दूध पुढे नेणाऱ्या नळ्या असतात. या नळ्यांना आतून पेशींचे अस्तर असते. अस्तराच्या बाहेरून एक अतिशय पातळ पण चिवट पडदा असतो. त्याच्या पलीकडे चरबी, तंतू, रक्तवाहिन्या आणि लसिकावाहिन्या असतात. लसिकावाहिन्या म्हणजे अंगातले पाणी वाहून नेणारे पाटच. स्तनातले बहुतेक पाट काखेतल्या गाठींकडे जातात.

स्तनाचा कर्करोग बहुधा या नळ्यांच्या अस्तरात सुरू होतो. एखादी पेशी बिघडते, वेळकाळ न पाहता वाढत सुटते, एकीच्या दोन आणि दोनाच्या चार होतात. पण जोवर त्या पेशी पडद्याच्या आत कोंडलेल्या आहेत, तोवर त्या अंगभर जाऊ शकत नाहीत. या अवस्थेतला रोग काढून टाकला की बाई बरी होण्याची शक्यता फार मोठी असते.

नुसती गाठ माणसाला मारत नाही. स्तनात काही जिवावर बेतणारे इंद्रिय नाही. रोग मारतो तो कुंपण ओलांडून हाडात, फुफ्फुसात, यकृतात, मेंदूत जातो तेव्हा. म्हणून खरा प्रश्न असा, की पडदा एवढा चिवट असताना पेशी बाहेर पडते कशी?

बेडकाच्या पिल्लाची शेपटी

याचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना पहिला धागा भाताच्या खाचरात दिसणाऱ्या एका प्राण्यात मिळाला. आपल्या मुळशीत पावसाळ्यात खाचरे भरली की बेडकाची शेपटीवाली पिल्ले वळवळताना दिसतात. थोड्या दिवसांनी त्यांना पाय फुटतात आणि शेपटी नाहीशी होते. ती तुटून पडत नाही, जागच्या जागी विरघळते. १९६२ साली अमेरिकेत जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लॅपिएर यांनी याचे कारण शोधले. शेपटीतल्या पेशी एक एन्झाइम बाहेर सोडतात आणि ते कोलॅजेन विरघळवते, असे त्यांना आढळले.

कोलॅजेन म्हणजे अंगातला दोरखंड. कातडी, शिरा, सांध्याचे बंध या सगळ्यांना ताकद देतो तो हाच पदार्थ. बैलाच्या चामड्याची वादी एवढी चिवट असते ती याच्यामुळे. नळीभोवतीच्या त्या पडद्यातही कोलॅजेन असते. पुढे या एन्झाइमचे पुष्कळ भाऊबंद माणसात सापडले. त्यांच्या गाभ्यात जस्ताचा, म्हणजे झिंकचा अणू असतो. म्हणून या कुळाला मेटॅलोप्रोटिनेझ म्हणतात.

ही एन्झाइमे शत्रू नव्हेत. जखम भरताना जुने तंतू काढून नवे विणायला ती लागतात. गाय आटली की कास आक्रसते, मूल अंगावरून सुटले की बाईचे स्तन पूर्ववत होतात, तेव्हा जादा झालेली दुधाची घडण मोडून काढायचे काम तीच करतात. निरोगी अंगात ती बाहेर येतात तेव्हा म्यानातल्या कोयत्यासारखी बंद असतात. गरज असेल तिथेच म्यान निघते, आणि काम संपले की त्यांना आवरणारे दुसरे पदार्थही अंगातच हजर असतात.

कर्करोग हे कोयते कसे चालवतो?

कर्करोगात हा बंदोबस्त बिघडतो. कोयते भाराभर बाहेर पडतात, आवरणारे अपुरे पडतात आणि पडद्याला भोके पडतात. त्याहून कावेबाज गोष्ट अशी, की यातली पुष्कळशी एन्झाइमे कर्करोगाच्या पेशी स्वतः बनवतही नाहीत. त्या शेजारच्या निरोगी पेशींना इशारे पाठवतात आणि त्यांच्याकडूनच ती सोडवून घेतात. राखणदारालाच फितवून फाटक उघडवण्याचा हा प्रकार आहे.

दुसरे एक कूळ कॅथेप्सिन नावाचे आहे. एरवी ही एन्झाइमे पेशीच्या आत कचरा कुजवण्याचे काम करतात, उकिरड्यासारखे. १९८० साली फ्रान्समध्ये ब्रूस वेस्टली आणि आन्री रोशफोर यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. त्यांना इस्ट्रोजेन हे स्त्रीचे संप्रेरक दिले, तर त्या पेशी एक विशिष्ट प्रथिन बाहेर सोडू लागल्या. पुढे कळले की ते कॅथेप्सिन-डी या एन्झाइमचे म्यानातले रूप आहे. जे घरात राहायचे ते अंगणात आले, असे हे झाले.

या कुळातली बी आणि एस ही एन्झाइमे तर पपईतल्या पपेनची सख्खी भावकी आहेत. मटण मऊ पाडणारी करामत आणि पडदा फोडणारी करामत एकाच घराण्यातली. कॅथेप्सिनांना आंबटपणा मानवतो. कर्करोगाच्या पेशी आपल्याभोवती आम्ल सोडतात, त्यामुळे या कोयत्यांना धार चढते. कारखान्यात रसाला चुन्याची निवळी का देतात, ते आठवा. आंबट रसात साखर झपाट्याने मोडते म्हणून. रासायनिक क्रियेला जागा मानवली की वेग वाढतो, हा नियम दोन्हीकडे सारखाच.

मग एन्झाइम बंद करणारे औषध का नाही?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला. कोयतेच बोथट केले तर रोग जागेवर थांबेल, असे वाटून मेटॅलोप्रोटिनेझ रोखणारी औषधे तयार झाली. मॅरिमास्टॅट हे त्यातले एक. अंगभर पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावर त्याची चाचणी झाली. तिचा निकाल २००४ साली प्रसिद्ध झाला आणि तो निराशाजनक होता. रोग थांबला नाही, उलट सांधे आणि स्नायू दुखू लागले. कारण उघड आहे. ही एन्झाइमे अंगाला रोजच्या कामासाठी लागतात, सरसकट बंद केली तर डागडुजी थांबते. आणि रोग आधीच पसरलेला असेल, तर कुंपण सांभाळून काय उपयोग? पाणी वाहून गेल्यावर बांध घातल्यासारखे ते झाले.

म्हणून कोणी 'एन्झाइमच्या गोळ्या' किंवा 'एन्झाइम थांबवणारा काढा' घेऊन दारात आला आणि गाठ विरघळवून देतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परत लावा. पैसे जातील ते जातीलच, त्याहून मोलाचे दिवस जातील.

मुंबईचा एक साधा प्रयोग

पण याच विचाराच्या वाटेवर आपल्या महाराष्ट्रात एक मोलाचे काम झाले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे शल्यचिकित्सक डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा विचार केला, की शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीला धक्का लागतो, त्या घटकेला काही पेशी बाहेर पडायला बघत असतील. तर त्याच घटकेला त्यांना गुंगवून ठेवता येईल का?

त्यासाठी त्यांनी वापरले लिडोकेन. दात काढताना हिरडीत टोचतात, तेच भुलीचे स्वस्त औषध. २०११ पासून देशातल्या ११ रुग्णालयांत ही चाचणी चालली. तिच्यात ज्यांची शस्त्रक्रिया सुरुवातीलाच ठरली होती अशा स्त्रिया घेतल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीची शस्त्रक्रिया, दुसऱ्या गटाला शस्त्रक्रियेआधी सात ते दहा मिनिटे गाठीच्या सभोवार लिडोकेनची टोचणी. बाकी उपचार सारखेच. २०२३ साली निकाल प्रसिद्ध झाला. त्यात १,५८३ स्त्रियांचा हिशोब आहे. पाच वर्षांनी नेहमीच्या गटात १०० पैकी सुमारे ८६ स्त्रिया हयात होत्या, तर टोचणी दिलेल्या गटात सुमारे ९०. रोग पुन्हा न उलटलेल्या स्त्रियांचे प्रमाणही ८२.६ टक्क्यांवरून ८६.६ टक्क्यांवर गेले.

हे औषध पेशीच्या कवचातली सोडियमची दारे बंद करते. फ्रान्समधल्या तूर येथील शास्त्रज्ञांनी २००९ साली दाखवले होते, की स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत ही दारे उघडी असली की पेशीभोवती आंबटपणा वाढतो, आणि कॅथेप्सिन बी व एस ही एन्झाइमे जोरात चालतात. मुंबईच्या चाचणीत एन्झाइम मोजलेले नाही, म्हणून फायदा नेमका याच वाटेने झाला असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण प्रयोगशाळेतला धागा आणि रुग्णालयातला धागा एकमेकांशी जुळतात, एवढे खरे.

"सुरी लावली की पसरतो" – हा समज सोडा

वरचे वाचून कोणी म्हणेल, "बघा, आम्ही सांगत होतो ना, ऑपरेशन केलं की कॅन्सर पसरतो!" मंडळी, उलटा अर्थ काढू नका. वरच्या चाचणीत दोन्ही गटांतल्या स्त्रियांची शस्त्रक्रिया झाली होती आणि दोन्ही गटांत १०० पैकी ८६ ते ९० जणी पाच वर्षांनी हयात होत्या. त्या जगल्या त्या गाठ काढली म्हणूनच. गाठ तशीच ठेवली, तर तिचे कोयते रात्रंदिवस चालूच राहतात, त्यांना कोणी टोचणी देत नाही. सुईने तुकडा काढून तपासतात, त्याचीही भीती बाळगू नका. त्या तपासणीशिवाय गाठ साधी आहे की कर्करोगाची, हे पक्के ठरत नाही आणि उपचारही ठरत नाही.

हाताने केलेल्या तपासणीची किंमत

टाटा रुग्णालयानेच १९९८ साली मुंबईच्या झोपडवस्त्यांत दुसरे मोठे काम सुरू केले. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत, प्रशिक्षण दिलेल्या महिला आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी घरच्या बायकांची स्तनतपासणी हाताने करत. यंत्र नाही, क्ष-किरण नाही, फक्त शिकवलेली बोटे. अशा चार फेऱ्या झाल्या आणि पुढे वीस वर्षे हिशोब ठेवला.

२०२१ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : तपासणी झालेल्या वस्त्यांत बळावलेल्या अवस्थेत सापडलेला रोग ३७ टक्के, तर तपासणी न झालेल्या वस्त्यांत ४७ टक्के. पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र मृत्यू घटल्याचे दिसले नाही. तरीही तरुण वयात गाठ लागली तर दाखवायचे नाही, असा याचा अर्थ नव्हे.

देशात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या, असा जागतिक अंदाज आहे. यातल्या कितीतरी जणींची गाठ वेळेवर कोणाच्या तरी बोटांना लागायला हवी होती.

आपण काय करावे?

भगिनींनो, आपली छाती आपल्याला नेहमी कशी लागते हे माहीत असू द्या. पुढीलपैकी काही दिसले, तर दुखो वा न दुखो, त्याच आठवड्यात दाखवा :

१) स्तनात किंवा काखेत नवी गाठ. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून 'दुखत नाही' हे निर्धास्त राहण्याचे कारण नव्हे.

२) कातडीला खळी पडणे, किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे.

३) बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्तासारखे पाणी येणे, किंवा तिथली जखम भरून न येणे.

४) एका स्तनाचा आकार अलीकडे बदलणे.

बहुतेक गाठी साध्याच निघतात, तेव्हा घाबरून जाऊ नये. पण साधी आहे की नाही हे ठरवणे डॉक्टरचे काम, शेजारणीचे नव्हे आणि आपलेही नव्हे. तीस वर्षांवरील स्त्रियांची स्तनतपासणी सरकारच्या आरोग्य कार्यक्रमात धरलेली आहे. गावातल्या आशाताईला किंवा आरोग्य उपकेंद्रात विचारा. पुढे पौडचे ग्रामीण रुग्णालय, औंधचे जिल्हा रुग्णालय, पुण्याचे ससून अशी वाट आहे. खर्चाच्या भीतीने कोणी थांबू नये, कारण महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्या.

बंधूंनो, आता तुमच्याकडे. सभासद म्हणून शेअर बहुधा तुमच्या नावावर असतो, घरातला पैसा आणि गाडीही तुमच्याच हातात असते. बाई लाजेने बोलत नाही, आणि बोलली तरी भांगलण, धारा, पोरांची शाळा यांत स्वतःचे दुखणे शेवटी टाकते. तेव्हा विचारायचे तुम्ही, आणि घेऊन जायचेही तुम्ही. आईला विचारा, बायकोला विचारा, वहिनीला विचारायला लावा. पुरुषांनाही हा रोग होतो, शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो. म्हणून स्वतःच्या छातीत गाठ लागली तर तीही लपवू नका.

तोडलेला ऊस फडात पडला की त्यातली एन्झाइमे आपल्यासाठी थांबत नाहीत, हे आपण वर्षानुवर्षे उताऱ्याच्या आकड्यात पाहिले आहे. गाठीतली एन्झाइमेही हंगाम सरायची वाट पाहत नाहीत. कुंपण शाबूत आहे तोवरच गाठ दाखवली, तर बाई पुढचा हंगाम बघते, त्याच्या पुढचाही बघते. यंदा तोडीची चिठ्ठी हातात पडेल, तेव्हा घरी एक प्रश्न जरूर विचारा.